थेंब मोत्यासारखा घरंगळला, पुढं काय?

प्रश्न थोडक्यात असा: "कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचं ॲनोडायझिंगचं (ॲल्युमिनियमवर विजेनं ऑक्साइडचा थर चढवण्याचं) लहान युनिट आहे. परवा एक जण सोलर पॅनेलवर मारायचं 'नॅनो कोटिंग' दाखवून गेला. काचेवर थेंब टाकला की मोत्यासारखा घरंगळतो, मागं ओलसुद्धा राहत नाही. लिटरचा भाव मात्र ऐकवत नाही. हे आपल्याला इथंच बनवता येईल का? त्याला व्हॅक्यूमची मोठी मशीन लागते का? आणि मारल्यावर किती दिवस टिकतं?"

तिन्हींची उत्तरं आधी देऊन टाकतो. बनवता येतं, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा सोपं आहे. व्हॅक्यूम लागत नाही. टिकण्याचं अवघड आहे, आणि सोलर पॅनेलच्या वाटेला तर मी म्हणेन जाऊच नका. का, ते सांगायला जरा लांबण लागेल. मी गेली पंचवीसेक वर्षं काचेवर, स्टीलवर आणि ॲल्युमिनियमवर पातळ थर चढवतोय. त्यातला निम्मा काळ चढवलेले थर का निघाले हे शोधण्यात गेलाय, त्यामुळं या विषयावर माझा स्वभाव थोडा संशयी झालाय हे आधीच सांगतो.

परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढलं असेल तर एक पान तोडून आणा. पानावर पाणी टाका. गोळी होते, पान कललं की पडते, पान कोरडंठाक. आता त्याच पानाचा एक कोपरा अंगठ्यानं जरा दाबून चार-पाच वेळा चोळा आणि तिथं थेंब सोडा. बसतो चिकटून. पान फाटलं नाही, डोळ्यांना फारसा फरकही दिसत नाही, पण त्याचा गुण गेला. 'अळवावरचं पाणी' म्हणजे न टिकणारी गोष्ट असं आपण म्हणतो. माझ्या धंद्यात उलटं आहे. पाणी कायम आहे, न टिकणारं ते अळवाचं अंग आहे.

त्या अंगावर काय असतं? सूक्ष्मदर्शकाखाली साधारण दहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचवटे दिसतात, आणि प्रत्येक उंचवट्यावर मेणाचे त्याहून कितीतरी बारीक, नॅनोमीटरात, म्हणजे मायक्रॉनच्याही हजाराव्या भागात मोजायचे स्फटिक. दोन पातळ्यांवरचा खडबडीतपणा. जर्मनीतल्या बॉनच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली कमळाच्या पानावरून हे नीट मांडलं, आणि तेव्हापासून 'लोटस इफेक्ट' हा शब्द प्रत्येक डब्यावर छापला जातो. कमळाला नाव मिळालं, अळू वडीपुरतं राहिलं.

आता थोडं गणित, कारण सगळी भानगड त्यातच आहे. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. थेंब पसरला तर कोन शून्याकडं, गोळी झाली तर १८० कडं. दीडशेच्या वर कोन आणि दहा अंशांच्या आत उतार दिला की थेंब घरंगळतो, तर त्या पृष्ठभागाला अतिजलरोधी म्हणायचं. गंमत अशी की गुळगुळीत काचेवर जगातलं सगळ्यात पाणीद्वेष्टं रसायन लावलं तरी कोन १२० अंशांच्या आसपास अडतो. पुढचे तीस अंश रसायनातून मिळत नाहीत, आकारातून मिळतात. पृष्ठभागावर सुळके उभे केले की थेंब सुळक्यांच्या टोकांवर बसतो आणि मधल्या फटीत हवा अडकते. कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी १९४४ साली याचं सूत्र दिलं, तेही कापडातनं पाणी आत कसं शिरतं हे तपासताना. त्या सूत्रात आकडे घालून बघा: साध्या गुळगुळीत पृष्ठाचा कोन ११० असेल आणि थेंबाखाली फक्त पाचवा हिस्सा घन असेल, बाकी हवा, तर कोन येतो १५०. घन दहाव्या हिश्श्यावर आणला तर १५९.

म्हणजे थेंबाला जितकी कमी जागा टेकायला द्याल तितका तो छान पळतो. पण फडकं मारणाऱ्या हातालाही तेवढीच जागा मिळते. पाचवा हिस्सा घन म्हणजे फडक्याचा दाब त्या टोकांवर पाचपट. थेंब तोलण्याइतकी बारीक टोकं ही मोडण्याइतकीही बारीक असतात. एजंटानं तुम्हाला दाखवलेल्या मोत्यामागचं दुखणं हे एवढंच आहे. अळूचं पान जिवंत आहे, झिजलेल्या मेणाची थोडीफार भरपाई ते आतून करतं. काचेला आतून काही येत नाही.

सोलर पॅनेलवर तर अडचणी एकावर एक बसतात. पहिली, काच पारदर्शक राहायला हवी. उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास गेले की प्रकाश विखुरतो, काच दुधट दिसते. म्हणून ते साधारण शंभर नॅनोमीटरच्या आत ठेवावे लागतात. अळूसारखे दहा मायक्रॉनचे दणकट उंचवटे इथं चालत नाहीत, फक्त नाजूक भाग तेवढा उरतो.

दुसरी अडचण आपल्या हवामानाची, आणि ही मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसलेली नाही. 'स्वतः स्वच्छ होणारी काच' याचा अर्थ पाऊस पडला की थेंब धूळ गोळा करून खाली जातो. कोल्हापुरात पाऊस जूनपासून चार महिने, त्या दिवसांत पॅनेल तशीही धुऊन निघतात. घाण बसते ती साखर कारखान्यांचे बॉयलर पेटल्यावर. नोव्हेंबरपासून बगॅसची (उसाच्या चोयट्याची) राख, गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर, पेटवलेल्या उसाच्या फडातली काजळी, एमआयडीसीतली फौंड्रीची धूळ, रस्त्याची माती. तेव्हा पाऊस नाही, थेट वळवापर्यंत नाही. काजळीचे दिवस एकीकडं आणि पावसाचे दिवस दुसरीकडं. कोटिंग कामाला लागणार कधी?

त्यात थंडीतलं दव. वरनं पडलेला थेंब सुळक्यांवर बसतो, पण दव हे हवेतल्या वाफेतून थेट सुळक्यांच्या मधल्या फटीतच जमतं. हवेची जागा पाण्यानं घेतली की थेंब पळायचा थांबतो, उलट घट्ट धरून बसतो. सकाळी दव, दुपारी ऊन, मध्ये राख: चार-सहा आठवड्यांत त्याचा लेप होतो. शिवाय काजळीत तेलकट भाग असतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर, बहुतेक तेलांचा २० ते ३५, आणि पृष्ठताण जितका कमी तितका द्रव सहज पसरतो. पाण्याला हाकलणारा पृष्ठभाग तेलाला अडवेलच असं मुळीच नाही. बहुतेक वेळा तो ते आनंदानं पिऊन घेतो.

तिसरी अडचण सगळ्यात महाग. आजच्या बहुतेक पॅनेलच्या काचेवर कारखान्यातच एक थर दिलेला असतो. साध्या काचेच्या वरच्या अंगावरनं सुमारे चार टक्के प्रकाश परत जातो. तो वाचवायला सच्छिद्र सिलिकाचा थर देतात. हिशोब असा: काचेचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचा आकडा) दीडच्या आसपास, त्यामुळं मधल्या थराचा सुमारे १.२२ हवा आणि जाडी ११०-११५ नॅनोमीटर. इतका कमी अपवर्तनांक असलेलं टणक घन मिळत नाही, म्हणून सिलिकातच निम्म्याहून थोडी जास्त हवा कोंडतात. तुमचं पॅनेल तिरक्या उजेडात बघा, बऱ्याचदा हलकी निळसर-जांभळी झाक दिसते, ती याचीच. आता या थरावर तुम्ही बाटलीतलं द्रावण मारलंत की ते पहिल्यांदा त्या छिद्रांत शिरणार. हवेची जागा रसायनानं घेतली की अपवर्तनांक वाढला, परावर्तन वाढलं. थेंब झकास पळतोय आणि युनिटं कमी पडतायत, असं होऊ शकतं. पैसे देऊन.

उलट्या दिशेचा एक मार्गही आहे, टायटॅनियम डायऑक्साइडचा. तो पाण्याला हाकलत नाही, सपाट पसरवतो. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली या पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. १९९७ साली जपानमध्येच लक्षात आलं की अतिनील किरणं पडली की त्याच्या पातळ थरावर पाणी अक्षरशः चादरीसारखं पसरतं. २००१ मध्ये पिल्किंग्टननं तशी खिडकीची काच बाजारात आणली, थर सुमारे पंधरा नॅनोमीटरचा. तापत्या काचेवर कारखान्यातच बसवलेला असल्यानं तो टिकतो, कारण त्यात मोडण्यासारखे सुळकेच नाहीत. पण त्यालाही किरणं आणि पाणी दोन्ही हवं. घरात ट्यूबलाइटखाली तो झोपून राहतो.

व्हॅक्यूमबद्दल विचारलंत. या बाबतीत कोल्हापूर म्हणजे चुकीचं गाव नव्हे. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांचं काम कित्येक दशकं चाललंय, आणि त्यातला मोठा भाग बीकर, हीटर आणि स्प्रेच्या नोझलवर उभा राहिला. डॉ. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी द्रावणातून थर चढवण्याच्या पद्धतींवर केलेलं काम जगभर वाचलं जातं. डॉ. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेत सिलिका एरोजेलवर काम झालं, म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असलेलं घन, पाण्याला न भिजणारं. पैसा कमी होता म्हणून स्वस्त पद्धती निवडल्या असं लोक म्हणतात. असेलही. पण त्या पद्धतींनी मोठं क्षेत्रफळ झाकता येतं, हा फायदा महागड्या मशीनलाही सहज मिळत नाही.

सिलार नावाची एक पद्धत आहे, १९८५ साली निकोलाउ यांनी मांडलेली. नाव मोठं, काम चार बीकरचं. पहिल्यात धातूच्या क्षाराचं द्रावण: काच बुडवा, आयन पृष्ठभागाला चिकटतात. दुसऱ्यात साधं पाणी: जास्तीचे आयन धुऊन काढा. तिसऱ्यात दुसरा अभिकारक: चिकटलेल्या आयनांशी तिथल्या तिथं अभिक्रिया. चौथ्यात परत पाणी. हे झालं एक आवर्तन, आणि थर वाढला फार तर एक-दोन नॅनोमीटर. अशी शंभर-दीडशे आवर्तनं. आता यांत्रिक हात मिळतात. आम्ही हातानं करायचो, स्टॉपवॉच लावून, प्रत्येक दहा आवर्तनांना वहीवर एक रेघ. मध्ये कुणी हाक मारली की गणती चुकायची आणि थराची जाडीही. पण हाताला एक गोष्ट कळते जी मशीनला कळत नाही: काच पाण्यातून वर येताना पाण्याचा पडदा कुठं फाटतो ते.

तुमच्या लाइनवर ज्याला वॉटर ब्रेक टेस्ट म्हणतात तेच हे: पडदा फाटतो तिथं घाण असते. माझ्या अनुभवात सोललेल्या दहा थरांपैकी सात-आठांचं कारण रसायनात नसतं, न धुतलेल्या काचेत असतं. काचेवर तोंडानं वाफ सोडा. सारखा धुरकट थर दिसला तर काच स्वच्छ. ठिपके, रेघा, बोटाचा ठसा दिसला तर परत साबण, परत पाणी, परत अल्कोहोल. नॅनोमीटरच्या गोष्टी बोलणाऱ्या माणसानं बोटाचा ठसा ठेवणं म्हणजे पायाखाली दगड ठेवून फरशी बसवणं.

व्हॅक्यूम खरंच लागतं ते घट्ट आणि टणक थरांना. तुमच्या शेजारच्या मशीन शॉपमध्ये सोनेरी इन्सर्ट (धातू कापायच्या हत्याराची टोकं) बघितले असतील. ते टायटॅनियम नायट्राइड, पीव्हीडीनं, म्हणजे व्हॅक्यूममध्ये वाफेतून चढवलेलं, जाडी दोन-चार मायक्रॉन. तिथं कातरताना बसणारा मार इतका असतो की बीकरमधला थर मिनिटभर टिकणार नाही. त्या धंद्याचं भांडवल वेगळं, त्यात तुम्ही पडू नका.

एक स्वतःची फजिती सांगतो, कारण तुम्हीही याच खड्ड्यात पडाल. बऱ्याच वर्षांपूर्वी मी काचेवर झिंक ऑक्साइडच्या कांड्या वाढवत होतो. झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइन, ९० अंश, चार-पाच तास. हेक्सामाइन फौंड्रीवाल्यांच्या ओळखीचं, शेल मोल्डिंगच्या रेझिनला ते घालतात. काचेवर सहा कोनी कांड्यांचं उभं रान उगवतं, सूक्ष्मदर्शकाखाली ऊसच. कुठलंही जलरोधी रसायन न लावता स्पर्शकोन आला १५२. तीन नमुने, तिन्हींचा दीडशेच्या वर. लेख लिहायला घेतला. मग एका विद्यार्थिनीनं ताजा नमुना ओव्हनमधून काढून लगेच मोजला तर थेंब सपाट. परत केला, परत सपाट. दोन आठवडे डोकं खाल्ल्यावर सापडलं: जुने नमुने डेसिकेटरमध्ये (नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यात) ठेवले होते आणि डेसिकेटरच्या झाकणाला सिलिकॉन ग्रीस. त्यातली हलकी सिलिकॉनं हळूहळू उडून कांड्यांवर बसली होती. माझं 'रसायनविरहित' जलरोधी पृष्ठ म्हणजे ग्रीस लावलेली काच होती. हवेतले तेलकट रेणूही हेच करतात, फक्त सावकाश, आणि झिंक ऑक्साइडवर अतिनील किरणं पडली की ते सगळं साफ होऊन थेंब परत पसरतो. तेव्हापासून कुणी कोन सांगितला की मी पहिल्यांदा विचारतो, नमुना कुठल्या डब्यात ठेवला होता?

आता तुमच्या कामाचं. तुम्ही रोज नॅनोरचना बनवताच आहात, फक्त तिला ते नाव देत नाही. तुमच्या सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत जॉबवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर, जो ऑक्साइड वाढतो तो भरीव नसतो, त्यात उभी भोकं असतात. व्होल्टला अडीच नॅनोमीटर हा ढोबळ हिशोब लक्षात ठेवा: १६ व्होल्टला दोन भोकांमधलं अंतर सुमारे ४० नॅनोमीटर. एका चौरस सेंटीमीटरात हजारो कोटी भोकं, तीही रेक्टिफायरचं बटण दाबून. जपानच्या मासुदा आणि फुकुदा यांनी १९९५ साली ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये ४० व्होल्टला हीच भोकं मधाच्या पोळ्यासारखी सारख्या ओळीत लावून दाखवली, अंतर शंभर नॅनोमीटर. पुढं दोनदा ॲनोडायझिंगची युक्ती निघाली: पहिला थर विरघळवून टाकायचा आणि तळाला राहिलेल्या खळग्यांवर दुसरा वाढवायचा. तुम्हाला एवढ्या शिस्तीची गरज नाही.

सीलिंगच्या, म्हणजे गरम पाण्यात भोकं बंद करण्याच्या, आधी ही भोकं उघडी असतात, म्हणून तर त्यात रंग शिरतो. रंगाऐवजी, किंवा रंगानंतर, त्यात जलरोधी पदार्थ शिरवला तर? तो पदार्थ भोकाच्या आत बसतो. फडकं, वाळू, बोट यातलं काहीही ४० नॅनोमीटरच्या अंतरावरच्या भोकात शिरू शकत नाही. वरचं अंग झिजेल, थेंब पहिल्यासारखा पळणार नाही, पण पाणी आणि मीठ आत उतरायचं थांबतं आणि जॉबचं गंजणं लांबतं. काचेवर सुळके उभे होते, इथं रचना खड्ड्यात लपवलीय. सगळा फरक यात आहे. २०२० साली 'नेचर'मध्ये चीन आणि फिनलंडच्या संशोधकांनी हीच कल्पना मोठ्या मापावर दाखवली: मायक्रॉनच्या मापाची खळग्यांची जाळी, तिच्या भिंती चिलखतासारख्या, आणि नाजूक नॅनोरचना खळग्यांच्या पोटात.

घरच्या घरी करून बघायचं तर याहून सोपा प्रयोग आहे. शुद्ध ॲल्युमिनियमची पाच सेंटीमीटरची पट्टी घ्या. नेहमीसारखं डिग्रीज, कॉस्टिकचं एचिंग, नायट्रिकमध्ये डिस्मट (काळपट पूट काढणं), भरपूर धुणं. मग डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा. पृष्ठभाग किंचित मंद होतो. तिथं बोहमाइटच्या (ॲल्युमिनियमच्या पाणी धरलेल्या ऑक्साइडच्या) पातळ पाकळ्या उभ्या राहिलेल्या असतात, गवतासारख्या दाट. या पट्टीवर पाणी सपाट पसरतं, घाबरू नका. आता एक टक्का स्टिअरिक ॲसिड कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात तासभर ठेवा, साध्या अल्कोहोलनं धुवा, ८० अंशाला वाळवा. स्टिअरिक ॲसिड म्हणजे मेणबत्तीवाल्यांकडचं, विशेष काही नाही. त्याचं एक टोक ॲल्युमिनियमला धरतं, दुसरं टोक पाण्याकडं पाठ करतं. थेंब टाका. एजंटाच्या बाटलीशी तुलना करा.

पाण्यावर काटकसर करू नका. बोअरच्या पाण्यात सिलिकेट असतं, ते पृष्ठभागावर बसून पाकळ्या वाढूच देत नाही. फॉस्फेटचंही तेच. तुमच्या गरम सीलिंगच्या टाकीत कधी कधी सील धरत नाही त्याचं कारणही बहुतेक हेच असणार, तेव्हा एका प्रयोगात दोन कामं होतील.

पावसाळ्यात हे करणार असाल तर अल्कोहोलच्या द्रावणांपासून सावध. अल्कोहोल उडताना पृष्ठभाग गार होतो, जुलैतल्या हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि थर पांढरट पडतो. मार्चमध्ये सुंदर आलेली पद्धत जुलैत हमखास फसते, आणि माणूस रसायनाच्या नव्या बाटलीला शिव्या देत बसतो. डिप कोटिंग (पट्टी द्रावणात बुडवून वर ओढणं) केलंत तर वर ओढण्याचा वेग मोटरनं बांधून घ्या. जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घातानं वाढते, म्हणजे वेग दुप्पट केला तर जाडी सुमारे १.६ पट. हातानं ओढलेल्या पट्टीवर आडवे पट्टे उठतात ते म्हणूनच.

मोजायला मोठं उपकरण नको. इन्सुलिनची बारीक सुई घ्या, तिच्या टोकावरनं आपोआप सुटणारा थेंब साधारण पाच मायक्रोलिटरचा असतो. त्याहून फार मोठा थेंब स्वतःच्या वजनानं चपटा होतो आणि कोन कमी दिसतो. मागून पांढरा उजेड, समोर मॅक्रो लेन्स लावलेला मोबाइल, पट्टीच्या अगदी पातळीला. पण कोनापेक्षा उताराची चाचणी जास्त बोलते. तीस सेंटीमीटरच्या फळीचं एक टोक पाच सेंटीमीटर उचललं की दहा अंशांचा उतार झाला. तिथं थेंब घरंगळला तर ठीक. १५५ अंशांचा कोन असूनही उलटं धरल्यावर थेंब लोंबकळत राहिला, असे पृष्ठभागही असतात. फोटोत ते तसेच मोत्यासारखे दिसतात.

आणि त्या एजंटाला परत बोलवा. त्याच्याच काचेवर सेलोटेप दाबून खसकन ओढायला सांगा, मग थेंब टाकायला. मग ओल्या फडक्यानं पन्नास वेळा पुसायला, मग थेंब. मग चहाच्या पातेल्यावरच्या वाफेत पाच मिनिटं धरायला. या तिन्हींतून पार पडलं तर माझं वरचं सगळं लिखाण विसरा आणि त्याच्याकडून घ्या. त्याला एक विचारा: यात फ्लोरिनचं रसायन आहे का? लांब साखळीच्या काही फ्लोरिन रसायनांवर जगभर बंधनं आलीयत, त्यातली पीएफओएस आणि पीएफओए ही दोन, स्टॉकहोम कराराच्या (टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत अनुक्रमे २००९ ला आणि २०१९ ला आली. तुमचे जॉब पुढं निर्यात होत असतील तर गिऱ्हाईक आज ना उद्या हा प्रश्न विचारणारच. लांब कार्बन साखळीचे सिलेन (काचेला धरणारी सिलिकॉनची रसायनं) किंवा आपलं साधं स्टिअरिक ॲसिड थोडं कमी पळवतं, पण झोप लागते. सिलिकाची नॅनो पावडर उडवायचं काम असेल तर चांगला मास्क हवा, रुमाल नव्हे.

जाता जाता, तुमच्या ओळखीत हुपरीचं, म्हणजे चांदीकामाच्या गावचं, कुणी असेल तर त्यांना या गोष्टींचा उपयोग तुमच्याआधी होईल. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळं, सिल्व्हर सल्फाइड होऊन. लांब साखळीच्या थायॉलच्या (टोकाला गंधक असलेल्या रसायनाच्या) पातळ द्रावणात पैंजण बुडवले की दोन-अडीच नॅनोमीटरचा, एकाच रेणूच्या उंचीचा थर स्वतःहून उभा राहतो, कारण गंधकाला चांदी आवडते आणि इथं तीच आवड कामाला लावलेली आहे. रंग बदलत नाही, चमक जात नाही. दुकानाच्या शोकेसमध्ये तो चांगलं काम करतो. पायात घातल्यावर घाम आणि घासणं सुरू झालं की त्याचंही अळू होतं.

तुमच्यासाठी मी हे करीन: सहा पट्ट्या. दोन नेहमीसारख्या सील केलेल्या, दोन भोकांत स्टिअरिक ॲसिड शिरवून मग सील केलेल्या, दोन उकळून पाकळ्या उभ्या केलेल्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पत्र्यानं झाकायचा, म्हणजे तुलना घरातच राहते. दिवाळी झाल्यावर छपरावर दक्षिणेकडं तोंड करून लावा, एक संच होळीला उतरवा, दुसरा पुढच्या श्रावणात. मध्ये पुसायचं नाही, कितीही वाटलं तरी. आणि पट्टीच्या मागं नंबर ठोक्यानं ठोका. मार्करनं लिहिलंत तर सगळ्यात आधी तेच जातं.